झाशीच्या वाटेने ग्वाल्हेर

किल्ले आणि राजवाडे पाहायला जायचे म्हटले, की आपल्या घरांतून बहुधा जयपूर-उदेपूरची तिकिटे निघतात. निघोत बापडी! राजस्थानची शोभा कोण नाकारील? पण मराठी कुटुंबाने एक सहल तरी वेगळ्या दिशेची करावी, आणि ती म्हणजे ओर्च्छा, झाशी, दतिया आणि ग्वाल्हेर. झाशीपासून ग्वाल्हेर अवघे शंभर किलोमीटर. ओर्च्छा झाशीच्या कुशीत, दतिया वाटेवर. चार दिवसांत सारे निवांत पाहून होते आणि मुलांची शाळाही बुडत नाही.

मुंबईहून संध्याकाळी पंजाब मेलने निघालात, तर दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीस उतरता. स्टेशनाच्या पाटीवर आता ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ असे नाव आहे. २०२१ च्या अखेरीस ते दिले गेले. पुष्कळ प्रवासी पुढे ग्वाल्हेरपर्यंत जाऊन तिथून मागे येतात. तसे करू नये. झाशी आधी आणि ग्वाल्हेर मागून, हाच क्रम धरावा. १८५८ साली राणीच्या कथेने हाच क्रम धरला होता, आणि त्या वाटेने गेलात तर ग्वाल्हेरचा झगमगता राजवाडा निराळ्याच डोळ्यांनी पाहिला जातो.

आम्ही उतरल्याबरोबर सामान घेऊन थेट ओर्च्छ्यास गेलो. तासाभराच्या आतच बेतवा नदी दिसू लागते आणि तिच्या काठी, झाडीतून वर डोके काढून उभी असलेली एक सोडून दिलेली राजधानी. बुंदेल्यांनी सोळाव्या शतकात ती वसवली आणि १७८३ साली गादी टिकमगडला नेली. तेव्हापासून राजवाडे ओस पडले. ओस पडले म्हणूनच वाचले, असेही म्हणता येईल. कुणी त्यांवर नवे मजले चढवले नाहीत की रंगसफेदी केली नाही.

इथला पराक्रमी राजा बीरसिंह देव. त्याच्या भाग्योदयाची कहाणी मात्र फारशी सोज्ज्वळ नाही. शाहजादा सलीम बापावर रुसला होता. अकबराचा विद्वान मंत्री अबुल फजल दक्षिणेतून परत येत असताना, १६०२ साली, ग्वाल्हेरजवळ आंतरी येथे बीरसिंहाने त्याला गाठून ठार केले. हे आपल्याच सांगण्यावरून झाले, असे सलीमने पुढे जहांगीर बादशहा झाल्यावर आपल्या आत्मचरित्रात बेधडक लिहून ठेवले आहे. मोबदल्यात बीरसिंहाला ओर्च्छ्याची गादी मिळाली, आणि त्याने मित्राच्या नावाने जहांगीर महाल उठवला. वरच्या मजल्यावर निळ्या फरशीचे तुकडे अजून चमकतात. जाळीच्या खिडकीशी बसले की खाली बेतवा, पलीकडे रान आणि नदीकाठी राजांच्या छत्र्या ओळीने उभ्या. त्या छत्र्यांच्या माथ्यावर गिधाडे घरटी करतात. जिने मात्र उंच आणि अंधारे, आमच्या आत्याबाई, वय बहात्तर, खालच्या चौकातच बैठक मारून म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन. मला बादशहाने काही बोलावलेले नाही.”

त्यांना ज्याने बोलावले तो राजा निराळाच होता. ओर्च्छ्यात श्रीराम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून नांदतो. मधुकरशाहाची राणी गणेशकुंवरी हिने अयोध्येहून मूर्ती आणली, पण एका अटीवर: प्रथम जिथे ठेवशील तिथून मी हलणार नाही. देवासाठी चतुर्भुज मंदिराचे प्रचंड शिखर उभे राहत होते. ते पुरे होईतो मूर्ती राणीच्या महालात ठेवली, आणि देव तिथेच राहिला. म्हणून आज राम राजवाड्यात आणि त्याच्यासाठी बांधलेले देऊळ शेजारी, अशी मौज आहे. राजाच तो, तेव्हा मध्य प्रदेशचे पोलिस रोज त्याला बंदुकीची सलामी देतात. आरतीच्या वेळी ती अवश्य पाहावी. मुलांना तर राजवाड्यांपेक्षा हीच सलामी अधिक आवडली.

दुसरा दिवस झाशीचा.

झाशीचा किल्लाही बीरसिंहाने १६१३ च्या सुमारास बांधलेला. मराठ्यांचा संबंध येतो तो १७४२ नंतर, नारो शंकर सुभेदार होऊन आला तेव्हा. त्याने किल्ला वाढवला. तो भाग शंकरगड म्हणून ओळखला जातो. नाशिकच्या गोदाकाठी ज्याचे देऊळ आणि ज्याच्या देवळावरची वसईची घंटा आपण लहानपणापासून पाहतो, तोच हा नारो शंकर. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली. या घराण्यातल्या गंगाधररावांना नाटकांचा फार शौक होता. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. आदल्याच दिवशी त्यांनी मूल दत्तक घेतले होते. कंपनी सरकारने ते दत्तक मानले नाही आणि १८५४ साली संस्थान खालसा केले. पुढचे आपणांस पाठ आहे. निदान पाठ आहे असे वाटते.

किल्ल्यात शिरताच ‘कडक बिजली’ तोफ दिसते. ती चालवणारा गोलंदाज गुलाम गौस खान. त्याची कबर किल्ल्यातच आहे, आणि तिच्याजवळ खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्याही. राणीच्या झाशीसाठी कोण कोण मेले हे पुस्तकापेक्षा इथे लवकर समजते. तटावर एका ठिकाणी, राणीने घोड्यावरून उडी घेतली ती जागा, अशी पाटी आहे. खाली डोकावले तर पोटात गोळा येतो. आमच्या चिरंजीवांनी लगेच प्रश्न टाकला, “घोडा जगला कसा?” प्रश्न रास्त आहे. इतिहासाची पुस्तके सांगतात, की ४ एप्रिलच्या रात्री राणी मोजक्या स्वारांनिशी भांडेरी दरवाजाने बाहेर पडली आणि शत्रूच्या चौक्यांमधून काल्पीकडे निघून गेली. मला तर ही हकीकत उडीहून अधिक मोठी वाटते. उडी एका क्षणाची. इथे वेढा घातलेल्या फौजेतून रात्रभर दौड होती, आणि सोबत दामोदरराव. पुतळ्यांत तो पाठीशी बांधलेले तान्हे मूल असते. प्रत्यक्षात तो सात-आठ वर्षांचा होता, म्हणजे सारे पाहण्याइतका आणि आठवण्याइतका मोठा. १९०६ साली तो इंदुरास वारला.

त्या वेढ्यात एक मराठी भिक्षुक गावात अडकून पडला होता. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते घराबाहेर पडले, आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. हाती दक्षिणा फारशी लागली नाही. लागला तो ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. सहलीला निघण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचून काढावा. इंग्रजी फौज शहरात शिरल्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तो भाग वाचून झाशीच्या बाजारात हिंडले, की तिथल्या अरुंद गल्ल्यांतून भराभर चालवत नाही.

त्याच बाजारात राणीमहाल आहे. बाहेरून इतका साधा, की रिक्षावाल्याने दाखवला नसता तर पुढे गेलो असतो. संस्थान गेल्यावर राणी इथे राहिली. दिवाणखान्याचे रंगवलेले लाकडी छत तेवढे त्या काळची आठवण देते. खाली चौकात भोवतालच्या प्रदेशातल्या जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. राजवाडे पाहायला आलेल्या प्रवाशाला इथे दहा मिनिटे लागतात. आत्याबाई मात्र अर्धा तास बसल्या.

दतिया वाटेतच आहे, दोन तासांचा मुक्काम पुरे. पुन्हा बीरसिंहच. त्याने बांधलेला सात मजली महाल नुसता दगड-विटांचा, आणि नवल असे, की राजघराण्यातले कुणी त्यात कधी राहिलेच नाही. गच्चीपर्यंत जायचे असेल तर उन्हे चढण्यापूर्वी जा. भाविक मंडळी पीतांबरा पीठात जाऊन येतात.

आता ग्वाल्हेर. किल्ला गावाच्या डोक्यावर आहे: सुमारे तीनशे फूट उंच आणि जवळजवळ तीन किलोमीटर लांब वालुकाश्माची कातळ. उरवाई दरवाजाने गाडी वर जाते, आणि त्या घळीत दोन्ही अंगांना पंधराव्या शतकातल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या आहेत. सर्वांत मोठी सत्तावन्न फुटांची. बाबराच्या हुकमाने त्यांचे चेहरे फोडले गेले. पायांत बळ असेल त्यांनी पूर्वेकडून चढावे. त्या वाटेवर एकाच खडकातले इवलेसे चतुर्भुज मंदिर लागते. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाला दिलेल्या बागेचे माप २७० हात आणि रोजच्या हारांची संख्या ५० अशी आकड्यांत कोरली आहे, शून्यासकट! इतके जुने आणि इतके स्पष्ट शून्य भारतात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. गणितात शून्य मिळवणाऱ्या मुलांना तिथे जरूर उभे करावे.

वर मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल. मानसिंह १४८६ ते १५१६ पर्यंत राज्यावर होता, आणि महाल त्याच्या गाण्याच्या शौकाला शोभेल असा. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांत हत्ती, केळी आणि बदकांच्या रांगा. पाचशे वर्षांनीही ती बदके कालच कुणी रंगवली असे वाटते. आणि याच हसऱ्या महालाच्या पोटात जमिनीखाली दोन मजले, जे पुढे मोगलांनी तुरुंग म्हणून वापरले. औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याला याच किल्ल्यात डांबले आणि १६६१ साली ठार करविले. शिखांचे गुरू हरगोविंद हेही जहांगीराच्या काळात इथे कैदेत होते. परंपरा अशी, की सुटताना त्यांनी आपल्या झग्याचे गोंडे धरायला लावून बावन्न राजांना बरोबर बाहेर काढले. तो दिवस शीख लोक दिवाळीतच ‘बंदी छोड’ म्हणून पाळतात, आणि किल्ल्यावरचा गुरुद्वारा त्याच नावाचा आहे.

हा किल्ला महादजी शिंद्यांच्या माणसांकडून १७८० साली इंग्रजांनी एका रात्रीत घेतला. पॉफमच्या शिपायांनी पायांत कापूस भरलेले गवताचे जोडे घातले होते, पावले वाजू नयेत म्हणून. महादजींनी तीन वर्षांत तो परत मिळवला. पुढे १८१० साली दौलतरावांनी पायथ्याशी छावणी टाकली. छावणीचे गाव झाले आणि नाव तेच राहिले: लष्कर. आजही बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. एका दारात उभ्या आजींनी आमचे बोलणे ऐकून “कुठले तुम्ही?” म्हणून विचारले. मराठी गोड, हेल हिंदीचा.

१ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे इथे पोहोचले. जयाजीराव शिंद्यांचे सैन्य त्यांना जाऊन मिळाले. जयाजीराव आग्ऱ्यास इंग्रजांकडे निघून गेले. सतरा दिवसांनी, कोट्याच्या सराईजवळच्या लढाईत, राणी पडली. फुलबागेत तिची समाधी आणि घोड्यावरचा पुतळा आहे. तिथून जयविलास राजवाडा फार लांब नाही.

जयविलास १८७४ चा, मायकेल फिलोझ याने विलायती धर्तीवर उभारलेला. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे; टांगण्यापूर्वी छत पेलेल की नाही हे पाहायला हत्ती वर चढवले, असे सांगतात. काचेचे कठडे असलेला जिना आहे, आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. मुलांचे पाय तिथून निघत नाहीत. आमचेही निघत नव्हते. पण फुलबाग पाहून आलेल्या माणसाला त्या झुंबरांखाली थोडे अवघडल्यासारखे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. जयाजीरावांचा पक्ष घेणारे म्हणतात, की त्यांनी शहाणपण केले म्हणून संस्थान वाचले, लष्कर वाचले, आणि त्या आजींच्या दारावरची पाटीही त्यामुळेच राहिली. त्यात तथ्य आहे. पण हिशेब पुढचाही पाहावा. इंग्रजांनी झाशी शहर १८६१ साली शिंद्यांना बक्षीस दिले, आणि ग्वाल्हेरचा किल्ला मात्र आपल्याकडेच ठेवला. १८८६ साली अदलाबदल झाली: शिंद्यांनी झाशी परत दिली आणि स्वतःचाच किल्ला मिळवला. राणीने जी देणार नाही म्हटले ती झाशी, अशी हातोहात फिरली. “मग आपण कुणाचे म्हणायचे?” असे मुलीने राजवाड्याच्या पायऱ्यांवर विचारले. आत्याबाई म्हणाल्या, “मी राणीमहालात बसले होते, ते तू पाहिलेस ना?”

संध्याकाळ राखून ठेवावी ती तानसेनासाठी. महंमद गौस यांचा भव्य मकबरा, त्याच्या जाळ्या पाहण्यासारख्या. आणि बाजूला, उघड्या ओट्यावर, तानसेनाची साधी कबर. जवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी समजूत. जुने झाड गायकांनीच संपवले असावे. आता दुसरे आहे. मराठी गाण्यावर या गावाचे ऋण मोठे आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन आले. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने १९१८ साली निघालेले माधव संगीत विद्यालयही इथलेच. डिसेंबरात आलात तर तानसेन समारोह सापडेल.

थंडीच्या दिवसांत तिळाची गजक मात्र विसरू नका. गाडीत सांभाळून ठेवा, ती फार ठिसूळ असते. आमच्या तीन डब्यांपैकी एकाचा भोपाळ येईपर्यंत भुगा झाला, आणि तो चमच्याने खाल्ला.