तांड्यांच्या वाटा आणि सरकारी नकाशे

मद्रासजवळील आधाररेषेपासून १८०२ साली ज्यांनी महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, ते विल्यम लॅम्बटन हैदराबादेहून नागपूरकडे कूच करीत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट मुक्कामी निवर्तले. त्यांची कबर तेथेच असून पुढील कार्यभार जॉर्ज एव्हरेस्ट यांजकडे गेला. एका मैलास एक इंच या प्रमाणाचे जे भूरूपदर्शक नकाशे पुढे निघाले, त्यांच्या ५५ एल या पत्रकमालेत हिंगणघाट सापडते. आर्वी-कारंजाकडील काळ्या पाषाणाच्या टेकड्यांत तपकिरी समोच्च रेषा एकमेकींस बिलगतात, आणि पायवाटेची तुटक रेघ चढ टाळण्यासाठी ओढ्याच्या कडेने वळसे घेत खिंड गाठते. मीठ व धान्य लादलेल्या बैलांचे बंजारी तांडे अशाच वाटांनी ये-जा करीत. मोजणी कामगारांस त्यांचे सोयरसुतक नव्हते, फौजेची वाटचाल व महसुलाची वसुली हाच मुख्य हेतू. तरीही या नकाशांतून तांड्यांच्या स्थलांतराचा दस्तऐवज नकळत तयार झाला. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली आणि बैलांवरील वाहतुकीचा धंदा झपाट्याने बसला.