लेकराचं डोकं दुखतं, ते नाटक नसतं

पोट दुखतं म्हटलं की आई ओवा देते, ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवते. पण आठ वर्षांचं लेकरू ‘डोकं दुखतंय’ म्हणालं की घरातून पहिलं उत्तर येतं, ‘शाळा बुडवायची असेल.’ वस्त्यांमध्ये फिरताना आम्ही हे इतक्या घरांत ऐकलं की या वेळचं पान याच दुखण्यासाठी ठेवलं आहे.

लहान मुलांना अर्धशिशी होते. मुलींना होते तशी मुलांनाही होते. मात्र नावामुळे घोटाळा होतो. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा अर्धं डोकं दुखतं, लहानग्यांचं पुष्कळदा कपाळ दोन्ही बाजूंनी ठणकतं. खेळता खेळता मूल गप्प होतं, चेहरा पांढरा पडतो, मळमळतं, उलटी होते. उजेड आणि आवाज नको वाटतो. कुणाला आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात. मग ते अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन झोपतं, आणि दोन तासांनी उठून पतंग उडवायला पळतं. इथंच घरच्यांना संशय येतो. ‘मघाशी रडत होता, आता बघा कसा उड्या मारतोय!’ पण झोपून उठल्यावर एकदम बरं वाटणं ही तर या दुखण्याची ओळख आहे. नाटक करणारं पोर तोंड पांढरं करू शकत नाही.

हे दुखणं घराण्यात चालत येतं. आईला विचारलं तर बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘ताई, मला तर लहानपणापासून आहे, फडकं बांधून कामाला जाते.’ मग लेकराचं खोटं कसं असेल?

अर्धशिशी असलेल्याचा मेंदू रोजच्या घडीत बदल झाला की कुरकुरतो. उपाशी पोट, कमी पाणी, अपुरी झोप, ऊन, धूर, मोठा आवाज. यातलं एकेक चालून जातं, दोन-तीन एकत्र आले की डोकं उठतं. सकाळी चहात बुडवलेला टोस्ट खाऊन पोर शाळेत जातं आणि दुपारपर्यंत पोटात दुसरं काही नसतं. त्यासाठी महागडं काही आणायला नको. रात्रीची भाकरी, फोडणीचा भात, एखादं केळं चालतं. फक्त घराबाहेर पडण्याआधी पोटात जायला हवं.

पाण्याचं मात्र जरा खोलात जाऊन पाहा. मुलीची पाण्याची बाटली संध्याकाळी उचलून बघा. ती भरलेलीच परत येते का? आम्ही मुलींना बाजूला घेऊन विचारतो तेव्हा त्या सांगतात, ‘पाणी प्यायलं तर संडासला जावं लागतं, आणि तिथं दाराला कडी नाही.’ कुठं पाणी नाही, कुठं घाण इतकी की पाय ठेववत नाही. म्हणून पोरी सहा-सहा तास घोटभर पाणी पीत नाहीत, आणि घरी येतात त्या डोकं धरून. याला कुठलीही गोळी पुरणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे कडीचा विषय तुम्ही मांडू शकता. एकट्या जाऊ नका, चार जणी मिळून जा.

झोपेचं सांगायला सोपं, करायला अवघड, हे आम्हालाही कळतं. एका खोलीत सहा माणसं, त्यात टीव्ही. तरी सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास झोप लागतेच. साडेनऊला टीव्ही आणि मोबाईल बंद, एवढा नियम घराने करावा. आणि एप्रिलच्या उन्हात जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर लेकरांना तासन्‌तास उभं करू नका. आपला सण आहे म्हणून कान आणि डोकं वेगळं होत नाही.

दुखणं सुरू होताच मुलाने सांगायला हवं, आणि आपण ऐकायला हवं. औषध सुरुवातीलाच दिलं तर लागू पडतं, उलट्या सुरू झाल्यावर फारसं नाही. पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ३००. सहा तासांच्या आत परत नाही, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरप कमी-जास्त ताकदीचं मिळतं, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा आणि आपल्या मुलाला किती मिली ते दवाखान्यातून लिहून घ्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, त्याने क्वचित यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होते. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. दुकानदाराने पुडीत बांधलेली बिननावाची गोळी तर नकोच. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागत असेल तर डॉक्टरांकडे जा, कारण रोजच्या गोळीनेच पुढे डोकं दुखायला लागतं.

औषध दिलं की अंधारात निजवा, ओलं फडकं ठेवा. मिरच्या-मोहरी ओवाळून चुलीत टाकल्या तर त्या धुराने डोकं आणखी ठणकतं, एवढंच होतं.

एका वहीत तारीख, वेळ, त्या दिवसाचं खाणं, झोप आणि दिलेलं औषध लिहा. मूल स्वतः लिहू शकत असेल तर उत्तमच. दोन महिन्यांची ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की बरंच निदान होतं. तपासणीत बाकी सगळं ठीक असेल तर अर्धशिशीसाठी स्कॅन लागत नाही, उसने पैसे काढून मेंदूचा फोटो काढू नका. डोळे एकदा तपासून घ्या, शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही ते होतं. पण चष्म्याने अर्धशिशी जात नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र वहीची वाट पाहायची नाही. झोपेतून उठवणारं किंवा रोज पहाटे उलटीसह येणारं दुखणं, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं, तापासोबत मान ताठ होणं, झटका, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, चालताना झोक जाणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, पाच वर्षांखालच्या मुलाचं डोकं वारंवार दुखणं. असं असेल तर थेट सरकारी रुग्णालय गाठा. झटका येत असेल किंवा मूल शुद्धीत नसेल तर १०८ ला फोन करा.