वृद्धांचे श्रवणदौर्बल्य : मोजदादीतून निसटलेला प्रश्न

ग्रामसभेत ठराव वाचून दाखविला जातो आणि हात वर होतात. मागील रांगेत बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ शेजाऱ्याकडे पाहून आपलाही हात वर करतात. ठराव कशाविषयी होता, हे त्यांना नीट ऐकू आलेले नसते. परंतु तसे सांगण्याचा संकोच वाटतो. घरची मंडळीही ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे म्हणून विषय सोडून देतात. अशा रीतीने वृद्धापकाळातील एक अत्यंत सामान्य दौर्बल्य कोणाच्याही नोंदीत येत नाही.

व्याप्ती किती?

२०११ च्या जनगणनेत सर्व वयोगट मिळून देशातील सुमारे ५० लाख ७० हजार व्यक्तींना श्रवणविषयक अपंगत्व असल्याची नोंद झाली. त्याच जनगणनेनुसार साठ व त्याहून अधिक वयाच्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार साठीपुढील २५ टक्क्यांहून अधिक व्यक्तींना व्यवहारात अडथळा आणणारे श्रवणदौर्बल्य असते. हे प्रमाण जगाचे आहे. ते प्रत्येक देशास तंतोतंत लागू पडेल असे नाही. तथापि, त्या हिशेबाने भारतातील केवळ वृद्धांचीच संख्या अडीच कोटींच्या घरात जाते.

ही तफावत मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतून निर्माण होते. जनगणनेत कुटुंबाने दिलेले उत्तर नोंदविले जाते, कानाची तपासणी होत नाही. शिवाय आरोग्य संघटना चांगल्या कानाची क्षमता ३५ डेसिबलहून अधिक घटल्यास ती व्यक्ती बाधित मानते, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दोन्ही कानांतील ६० डेसिबल घटीपासून दिव्यांगत्व धरले जाते. या दोन मर्यादांच्या मधली माणसे मोजदादीतून निसटतात.

असे का घडते?

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. वयानुसार त्या नष्ट होत जातात व पुन्हा उत्पन्न होत नाहीत. प्रथम हानी होते ती उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशींची. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण व्यंजने निसटतात. ‘कान’, ‘पान’ आणि ‘तान’ यांतील फरक कळेनासा होतो. ‘आवाज येतो, पण शब्द समजत नाही’ ही वृद्धांची तक्रार म्हणूनच खरी असते. ओरडून बोलल्याने आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होत नाही.

वयाच्या जोडीला गोंगाटाचाही परिणाम होतो. छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या चिकलठाणा व वाळूज औद्योगिक वसाहतींत १९८० च्या दशकात तरुणपणी कामास लागलेली पिढी आता साठीत आहे. गोंगाटजन्य बहिरेपणाचा समावेश कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील सूचनीय रोगांत होता. यास्तव निवृत्त कामगारांच्या कानांची तपासणी विशेष अगत्याची ठरते.

दुर्लक्षाची किंमत

ऐकू न येणारा माणूस हळूहळू संभाषणातून अंग काढून घेतो. औषधाची मात्रा, बँकेतील सूचना चुकीची समजली जाते. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत श्रवणदौर्बल्याचा समावेश आहे.

काय करता येईल?

प्राथमिक पारख गावातच करता येते. वृद्ध व्यक्तीच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून, तिचा एक कान बंद करवून, कुजबुजत तीन अंक उच्चारावेत. ते पुन्हा सांगता न आल्यास तपासणी आवश्यक समजावी. साचलेला मळ किंवा कान वाहणे हे कारण असल्यास उपचाराने लाभ होतो. पुढील तपासणीसाठी ‘घाटी’ या नावाने परिचित असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे.

राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजू नागरिकांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकवेळ ३ हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. यंत्र मिळाल्यानंतर ते योग्य रीतीने बसवून घेणे आणि काही आठवडे सवय करणे आवश्यक असते. अन्यथा ते पेटीतच पडून राहते.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी गावातील साठीपुढील व्यक्तींची अशी यादी तयार केल्यास नेमकी गरज कोठे आहे ते कळेल. आणि तोपर्यंत, ग्रामसभेत वृद्धांना पुढील रांगेत बसवून, त्यांच्यासमोर तोंड करून सावकाश ठराव वाचण्यास कोणताही खर्च येत नाही.