इंग्रजी वाक्याचा शेवट कोठें?

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना आम्हांस पुष्कळदां असें आढळतें कीं, अक्षर सुवाच्य, स्पेलिंग शुद्ध, विचारहि बरे; परंतु वाक्य कोठें सुरू झालें व कोठें संपलें याचा पत्ताच लागत नाहीं. अशा विद्यार्थ्याचे परीक्षेंत गुण जातात, आणि पुढें नोकरीचा अर्ज लिहितांना हीच खोड आडवी येते. हिचें मूळ केवळ आळसांत नसून बरेंचसें आपल्या मातृभाषेच्या घडणींत आहे, असें आमचें मत आहे.

मराठींत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटीं येतें. ‘मुलगा शाळेंत गेला’ यांतील ‘गेला’ हा शब्द कानीं पडतांच वाक्य पुरें झालें हें कळतें. म्हणूनच मोडी लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांचें विरामचिन्हांवांचून फारसें अडलें नाहीं. हीं चिन्हें मराठींत रूढ करण्याचें श्रेय, मोल्सवर्थ यांस कोशाच्या कामीं साह्य करणारे मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें. इंग्रजींत क्रियापद कर्त्यामागून लगेच येतें: ‘द बॉय वेंट टु स्कूल.’ तेथें वाक्याचा शेवट क्रियापद सांगत नाहीं. तो पूर्णविरामास सांगावा लागतो.

पहिली चूक दोन वाक्यें स्वल्पविरामानें जोडण्याची. ‘द बेल रँग, वुई वेंट होम.’ येथें कर्ते दोन व क्रियापदेंहि दोन. एवढें ओझें एकट्या स्वल्पविरामास पेलत नाहीं. पूर्णविराम द्यावा, स्वल्पविरामापुढें ‘अँड’ घालावें, अथवा ‘व्हेन द बेल रँग, वुई वेंट होम’ असें एक वाक्य दुसऱ्याच्या आश्रयास ठेवावें.

दुसरी चूक अर्धवट वाक्याची. ‘आय वॉज अ‍ॅबसेंट. बिकॉज आय हॅड फीवर.’ ‘बिकॉज’नें आरंभ झालेला भाग लिखाणांत एकटा उभा राहत नाहीं. मधला पूर्णविराम काढला कीं वाक्य शुद्ध झालें.

तिसरी चूक कर्ता गाळण्याची. ‘काल आलों’ यांतील ‘मी’ क्रियापदांतच दडलेला असतो. ‘केम यस्टरडे’ यांत तो नसतो, म्हणून ‘आय केम यस्टरडे’ असेंच लिहावें. ‘फार उकडतें’ यास तर कर्ताच नाहीं; तरी इंग्रजींत ‘इट इज व्हेरी हॉट’ असा ‘इट’ ठेवावाच लागतो.

चौथी चूक ‘जरी-तरी’ची. ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ यांत उभयान्वयी अव्ययें दोन झालीं. इंग्रजीस एकच पुरतें. कोणतेंहि एक काढावें.

यावर उपाय सोपा आहे. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यास तीन प्रश्न विचारावे: यांत कर्ता कोण? त्याचें क्रियापद कोणतें? आणि हें वाक्य एकटें उभें राहतें काय? कर्ता व क्रियापद यांच्या जोड्या दोन असल्या तर त्यांमध्यें सांधा आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें.

पालकांस आमची एक विनंती आहे. आपणांस इंग्रजी येत नसलें तरी चिंता नाहीं. पाल्यास निबंध मोठ्यानें वाचावयास सांगून, प्रत्येक पूर्णविरामापाशीं थांबवून, हेच प्रश्न मराठींत विचारावे. उत्तर देतां देतां त्याची चूक त्यालाच दिसेल. आणि स्वतः शोधलेली चूक मूल सहसा पुन्हां करीत नाहीं.