इंजिनाच्या पोटातला सेल

अमेरिकेच्या लायोनेल कंपनीनं १९४८ साली सांता फे रेल्वेच्या लाल-चंदेरी रंगातलं एफ-३ डिझेल इंजिन खेळण्याच्या रूपात आणलं. जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या कपाटात ते आजही मानाच्या जागी असतं. पण विकत घेताना मुरलेला संग्राहक रंग किती उडालाय, चाकं किती झिजलीत हे नंतर बघतो. आधी तो इंजिन उघडून आतला पत्रा न्याहाळतो. वरून नव्यासारखं दिसणारं इंजिन आत नेमक्या एका जागी गंजानं खाल्लेलं असू शकतं. त्या जागी टॉर्चमध्ये घालतात तसला मोठा सेल बसायचा.

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते, मग सेल कशाला? पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. सेल लागायचा तो भोंग्यासाठी. लायोनेलच्या गाड्या तीन रुळांच्या, ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या एसी विजेवर धावणाऱ्या. शिट्टीचं बटण दाबलं की त्या एसीमध्ये थोडी डीसी मिसळली जायची. इंजिनातला रिले एसीला दाद देत नसे. डीसी आली की मात्र खट्‌कन ओढला जाई. वाफेच्या इंजिनांत हा रिले टेंडरमधली छोटी मोटर चालू करायचा आणि ती हवा फुंकून शिट्टी वाजवायची. डिझेलचा भोंगा मात्र थरथरणाऱ्या पडद्याचा, बझरच्या जातीचा. त्याला सरळ दीड व्होल्टची डीसी हवी. ती सेलमधून मिळायची आणि रिले फक्त मधला दरवाजा उघडायचा.

भोंगा वाजतो काही सेकंद, त्यामुळे सेल महिनोन्‌महिने पुरायचा. घात इथेच होता. नाताळात झाडाभोवती रूळ मांडायचे आणि जानेवारीत सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकायचं, ही अमेरिकन घरांची रीत. सेल नसला तरी गाडी मजेत पळते, त्यामुळे तो आत आहे याची आठवण कुणाला होणार?

त्या काळचा सेल जस्त-कार्बनचा. त्यात जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो आणि वीज तयार होताना तोच खर्च होतो. ज्या पातेल्यात भाजी शिजतेय तेच पातेलं सरपण म्हणून जळावं, असा हा प्रकार. सेल जसजसा वापरला जातो तशी डब्याची भिंत पातळ होत जाते, शेवटी कुठेतरी भोक पडतं आणि आतला अमोनियम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइडचा आम्लधर्मी, ओलसर लगदा बाहेर येतो. म्हणजे संपत आलेला सेल फुटणं हा अपघात नव्हे, त्याच्या रचनेचाच तो शेवट आहे.

हे सेल इतिहासजमा झालेत असं समजू नका. आपल्याकडे रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळासाठी दुकानदार जो स्वस्तातला सेल काढून देतो, तो बहुधा याच जातीचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. पेन्सिल सेलच्या वेष्टनावर बारीक अक्षरात ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बनचा, ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन. मोठ्या सेलवर याच धर्तीवर ‘आर २०’ आणि ‘एलआर २०’ असतं. हे अक्षर पुढे सफाईच्या वेळी कामाला येणार आहे.

अल्कलाइन सेलची आजची घडण बसवली लुईस उरी या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्यानं, एव्हरेडीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत. १९५९ साली तो बाजारात आला. यात डबा पोलादाचा असतो आणि तो खर्च होत नाही. जस्ताची भुकटी मध्यभागी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दाट जेलमध्ये कालवलेली. डब्याला भोक पडत नाही म्हटल्यावर लोकांनी समजूत करून घेतली की हा सेल गळत नाही. गळतो. किंबहुना आज इंजिनं खराब करणारा मुख्य गुन्हेगार तोच आहे.

जस्त आणि पाणी एकत्र असले की थोडा थोडा हायड्रोजन तयार होत राहतो, सेल वापरात असो वा नसो. पूर्वी या वायूला आवर घालायला पारा मिसळत. विषारी म्हणून १९९० च्या दशकात तो बहुतेक ठिकाणी काढून टाकला गेला. ते योग्यच झालं, पण गळती रोखण्याचा सगळा भार शुद्ध कच्च्या मालावर आणि बुडाच्या प्लॅस्टिकच्या सीलवर आला. आत दाब फार वाढला तर डबा फुटू नये म्हणून या सीलचा एक भाग मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. तो फाटला की वायूबरोबर हायड्रॉक्साइडही बाहेर येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. तीच ती पांढरी, मिठासारखी बुरशी. सील ऋण टोकाला असल्यामुळे पहिली पुटं सपाट बुडाकडे दिसतात आणि खाचेतली स्प्रिंग आधी सडते. संशय आला तर आधी स्प्रिंगच्या तळाशी बघावं.

दाब सर्वांत झपाट्यानं वाढतो तो सेल उलटा रेटला गेला की. मुलांच्या गाडीच्या इंजिनात दोन-तीन पेन्सिल सेल एकामागोमाग जोडलेले असतात. त्यांतला एक जरा कमजोर निघाला तर तो आधी संपतो, पण बाकीचे थांबत नाहीत. ते त्या रिकाम्या सेलमधून प्रवाह ढकलत राहतात. त्याचे ध्रुव उलटे होतात आणि आत भराभर वायू तयार होतो. एक जुना आणि एक नवा सेल घालणं म्हणूनच वाईट. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत तर सहा छोटे सेल ओळीनं असतात आणि त्यांतला कुठला कमजोर आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

इथे आपल्या घरोघरच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. मोटारीला पुरेना म्हणून खेळण्यातून काढलेला सेल रिमोटमध्ये जातो, तिथून घड्याळात, आणि ‘अजून थोडा जीव आहे’ म्हणून पुन्हा खेळण्यात. रिमोट गळला तर नवा दीड-दोनशे रुपयांत येतो, तिथे ही काटकसर चालेल. इंजिनात नको. भरलेला सेल क्वचित गळतो; गळतो तो शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेला. इंजिन रेंगाळायला लागलं की सेल थेट घड्याळाकडे पाठवावा आणि तिथून परत आणू नये.

मल्टिमीटर असेल तर अंदाज पक्का होतो. नवा अल्कलाइन सेल १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो. १.३ च्या खाली गेलेला मी इंजिनात ठेवणार नाही. टेबलावर उभा टाकून उसळतो का ते बघायची एक युक्ती सांगतात. ती अगदीच खोटी नाही. वापरलेला अल्कलाइन सेल खरंच जास्त उसळतो. पण निम्मा संपेपर्यंतच तो जेवढा उसळायचा तेवढा उसळायला लागलेला असतो, तेव्हा त्यावरून सेल नवा नाही एवढंच कळतं.

आता पुन्हा मोठ्यांच्या गाड्यांकडे वळू. लायोनेलच्या आवाजी इंजिनांच्या अनेक मॉडेलांत नऊ व्होल्टची बॅटरी घालायची सोय आहे, तीही गाडी चालवण्यासाठी नाही. तीन रुळांच्या पद्धतीत इंजिनाची दिशा बदलायची तर रुळांतली वीज क्षणभर तोडावी लागते. वीज तुटली की आवाजाचं सर्किटही गप्प होणार, आणि दर वेळी धडधडणारं इंजिन मधेच मुकं झालं की सगळी मजा जाते. रुळावर मळ साचला तरी तेच होतं. हा खंड बॅटरी भरून काढते. रुळांतून आज्ञा घेणाऱ्या पद्धतीवर गाडी चालवत असाल तर रुळांत वीज कायम असते, मग बॅटरीवाचून फारसं अडत नाही. अशा वेळी खाच रिकामी ठेवलेलीच बरी.

एमटीएच या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या जुन्या इंजिनांत याच कामासाठी रिचार्ज होणारी बॅटरी असते, ८.४ व्होल्टची, आणि ती रुळांवरच्या विजेनं भरत राहते. दिसायला ती नऊ व्होल्टवालीची जुळी बहीण. म्हणून ही सूचना लाल शाईत लिहायला हवी: तिच्या जागी साधी अल्कलाइन कधीही बसवू नये. चार्जिंगचं सर्किट बिचारं फरक ओळखत नाही. ते अल्कलाइनलाही भरायला जातं, आणि न भरता येणाऱ्या सेलमध्ये प्रवाह रेटला की वायू होणार, सील फाटणार. शिवाय खाली महागडा सर्किट बोर्ड असतो.

गाडी आवरून ठेवताना सेल काढणं हा एकच उपाय मला शंभर टक्के भरवशाचा वाटतो. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. रिमोटवर चालणाऱ्या कित्येक खेळण्यांत बंद असतानाही रिसीव्हर किंचित वीज पीत राहतो आणि सेलला हळूहळू त्याच धोक्याच्या टोकाला नेतो. काढलेले सेल सुटे डब्यात टाकू नयेत. चौकोनी बॅटरीचे दोन्ही ध्रुव एकाच अंगाला असतात, एखादं नाणं आडवं पडलं तरी शॉर्ट होते. तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखालचा माळा सेलसाठी सर्वांत वाईट जागा, कारण उष्णतेनं आतली वायूची क्रिया वाढते. फ्रिजमध्ये ठेवायचीही गरज नाही. बाहेर काढल्यावर दव धरतं. कोकणासारख्या दमट हवेत खाचेच्या पट्ट्या सेल नसतानाही गंजतात, तेव्हा पावसाळ्याआधी खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या चांगल्या.

इतकं करूनही एखादं जुनं इंजिन हाती येतं आणि झाकण काढल्यावर पांढरं काहीतरी दिसतं. आधी हातमोजे आणि चष्मा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचा जाळतं आणि डोळ्यात गेलं तर फार वाईट. सेलवर काय लिहिलंय ते वाचा. ‘एलआर’ असेल तर गळलेला पदार्थ अल्कधर्मी, त्यावर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. इअरबड नुसता ओलावून पुटावर टेकवला की बारीक फेस येतो; फेस यायचा थांबला की तेवढं झालं. ‘आर’वाला जस्त-कार्बन असेल तर चिकट तपकिरी लगदा आम्लधर्मी, त्याला खायच्या सोड्याची पातळ पेस्ट. उलटसुलट केलं तर घाण निघेल, पण रसायन शमणार नाही. मग इअरबड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून दोन-तीनदा पुसायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि रात्रभर पंख्याखाली. ओतायचं काहीच नाही. ओतलेलं द्रव मोटारीत आणि गिअरच्या ग्रीसमध्ये शिरतं.

इंजिनाचं अंग ओतीव जस्त-मिश्रधातूचं असेल तर व्हिनेगर अगदी जपून. जस्ताला आम्लही खातं आणि हायड्रॉक्साइडही, त्यामुळे गळतीपासून वाचलेला भाग सफाईत गमवायची वेळ येते.

पट्टी किंवा स्प्रिंग फायबर ग्लासच्या ब्रशनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करता येते, पण वरचा निकेलचा मुलामा गेलेला असतो आणि ती पुन्हा गंजते. नवी स्प्रिंग बसवलेली परवडते. वायरीकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जात नाही. हायड्रॉक्साइड ऋण टोकाच्या वायरीत, प्लॅस्टिकच्या आवरणाखालून, तांब्याच्या तारांमधून पुढे पुढे सरकतं. वरून वायर ठणठणीत दिसते; टोक सोलून बघावं तर तारा काळ्या-हिरव्या, आणि डाग लावला तर सोल्डर धरतच नाही. लालसर, लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापत मागे जायचं आणि तिथून नवा तुकडा जोडायचा.

सेल बदलूनही प्रश्न बराच सुटतो. मुलांच्या रोज पळणाऱ्या गाडीला निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्ज होणारे सेल उत्तम. व्होल्टेज १.२, म्हणून इंजिन सुरुवातीला थोडं सावकाश वाटतं, पण शेवटपर्यंत वेग बऱ्यापैकी टिकतो आणि गळण्याचं प्रमाण फार कमी. ते एकदम रिकामे होईपर्यंत मात्र पिळायचे नाहीत. जे इंजिन वर्षातून दोनदाच निघतं आणि ज्यात सेल ठेवणं भागच आहे, त्यात लिथियमचे न भरता येणारे पेन्सिल सेल घालावेत. महाग असतात, पण त्यांत पाणी आणि हायड्रॉक्साइडच नसतं.

आवाजासाठी बॅटरी लागणाऱ्या इंजिनांना आणखी एक तोड निघाली आहे: बॅटरीच्या जागी बसणारा मोठा कपॅसिटर. चार्ज होणाऱ्या सर्किटमध्ये तो चालतो, म्हणजे एमटीएचसारख्या इंजिनांत. गाडी सुरू करण्यापूर्वी इंजिन मिनिट-दोन मिनिटं वीज दिलेल्या रुळावर नुसतं उभं ठेवायचं, तेवढ्यात तो भरतो. वीज तोडल्यावर बॅटरीइतका वेळ आवाज तो देत नाही, पण दिशा बदलण्यापुरता आणि सर्किटला आपली नोंद जपून ठेवण्यापुरता सहज पुरतो. घेताना इंजिनाचा बोर्ड ८.४ व्होल्टच्या बॅटरीचा आहे की नंतरचा २.४ व्होल्टच्या बॅटरीचा हे आधी तपासायचं, कारण दोघांचे कपॅसिटर वेगळे येतात.