आराखडा संगणकातून यंत्रावर जाताना

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे शेतीवर जगणारे गाव आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही या परिसरातील प्रमुख पिके होत. मृगाचा पाऊस झाला की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. अशा वेळी पेरणीयंत्राचा एखादा भाग तुटला, तर तो लवकर आणि अचूक बनवून मिळणे यावर हंगाम अवलंबून राहतो.

पूर्वी तुटलेला भागच कारागिराच्या हाती दिला जाई. तोच नमुना, त्यावरूनच माप. आज त्या भागाची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार करून दूरच्या कारखान्याला पाठविता येते. फाइल क्षणात पोहोचते. परंतु तिच्यातील माहिती जशीच्या तशी पोहोचेलच असे नाही. ही बाब लक्षात न घेतल्यास पोलाद वाया जाते आणि पेरणीचे दिवसही निघून जातात.

दोन प्रणाली, दोन कामे

संकल्पनाची प्रणाली, म्हणजेच कॅड, वस्तूचा आकार आणि मापे ठरविते. यंत्रकामाची प्रणाली, म्हणजेच कॅम, तो आकार धातूतून कोरण्यासाठी हत्याराने कोणत्या मार्गाने जावे हे ठरविते. हा मार्ग शेवटी जी-कोड या आज्ञावलीच्या रूपाने सीएनसी यंत्राला दिला जातो. या दोन्ही प्रणाली अनेकदा वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात. प्रत्येक कंपनीची फाइल ठेवण्याची रीत निराळी असल्याने एकीची फाइल दुसरीला वाचता येत नाही, किंवा अर्धवट वाचता येते.

मध्यस्थ भाषा

यावर उपाय म्हणून सर्वमान्य स्वरूपे तयार करण्यात आली. १९८० साली अमेरिकेत आयजीईएस हे स्वरूप प्रसिद्ध झाले. त्यात पृष्ठभागांच्या कडा पुष्कळदा नीट जुळत नसत आणि फटी राहत. अशा फटी असलेली प्रतिकृती कॅम प्रणालीला भरीव वस्तू म्हणून ओळखता येत नाही. त्यानंतर १९९४ पासून आयएसओ १०३०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते ‘स्टेप’ या नावाने ओळखले जाते. स्टेप फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते. तिच्यात भरीव आकाराबरोबर मापाचे एककही नोंदविलेले असते.

त्रिमितीय छपाईसाठी रूढ झालेले एसटीएल हे स्वरूप मात्र निराळे आहे. त्यात सर्व आकार लहान लहान त्रिकोणांत मोडला जातो आणि एककाची नोंदच नसते. मिलिमीटरमधील आकडा इंच समजून वाचला गेला, तर वस्तू २५.४ पट मोठी होते. शिवाय वर्तुळ हे वर्तुळ राहत नाही. समजा, ५० मिलिमीटर व्यासाचे छिद्र ३६ सरळ बाजूंनी दर्शविले. प्रत्येक बाजूच्या मध्याशी ते सुमारे ०.०९५ मिलिमीटर आत येते. दांडा नेमका बसावा म्हणून एच-७ या प्रचलित श्रेणीत अशा छिद्राच्या व्यासाला केवळ ०.०२५ मिलिमीटरचा फरक मान्य असतो. म्हणजे छपाईला चालणारी फाइल अचूक यंत्रकामाला चालेलच असे नाही.

आकार येतो, हेतू राहतो

स्टेपमुळेही सर्व काही पार पडत नाही. कोणते माप कोणत्या मापावर अवलंबून आहे, आधी काय केले व नंतर काय, ही प्रतिकृतीची घडण मूळ प्रणालीतच राहते. मान्य फरक, धातूचा प्रकार व पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा या नोंदी २०१४ साली आलेल्या स्टेपच्या एपी-२४२ या आवृत्तीत समाविष्ट करता येतात. पण दोन्ही बाजूंच्या प्रणालींनी त्या लिहिल्या व वाचल्या तरच त्यांचा उपयोग. म्हणून मापांसह काढलेले आरेखन सोबत पाठविणे आवश्यक ठरते.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा आहे. १० मिलिमीटर व्यासाचे फिरते हत्यार उभ्या भिंतींच्या आतल्या कोपऱ्यात ५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्या सोडू शकत नाही. यंत्रचालक त्यानुसार कोपरा गोल करतो. हा बदल मूळ प्रतिकृतीत नोंदविला गेला नाही, तर पुढच्या वेळी तीच अडचण पुन्हा उभी राहते.

खरेदी करताना घ्यावयाची दक्षता

ग्रामपंचायत, शाळा अथवा शासकीय कार्यालय जेव्हा एखादा भाग नव्याने बनवून घेते, तेव्हा त्याच्या आराखड्यासाठीही सार्वजनिक पैसा खर्च होतो. तो आराखडा एकाच कंपनीच्या प्रणालीत अडकून पडला, तर दुरुस्तीसाठी कायम त्याच पुरवठादाराच्या दारी जावे लागते. म्हणून मूळ फाइल, स्टेप फाइल आणि मापांचे आरेखन या तिन्ही गोष्टी सुपूर्द करण्याची अट कार्यादेशातच घालावी. काम सुरू होण्यापूर्वी कारखान्याने उघडलेल्या प्रतिकृतीची एकूण लांबी, एखाद्या छिद्राचा व्यास आणि घनफळ ही तीन मापे मूळ मापांशी ताडून पाहावीत. हे काम काही मिनिटांचे आहे.

शिक्षकांनाही हा धडा वर्गात देता येईल. फ्रीकॅड ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध असून तिच्यात स्टेप व एसटीएल या दोन्ही फाइली उघडतात. एकच छिद्र दोन्ही स्वरूपांत विद्यार्थ्यांपुढे मोठे करून दाखविले, तर वर्तुळ आणि बहुभुज यांतील फरक त्यांना डोळ्यांनी दिसेल.

तुटलेला भाग हाती घेऊन कारागीर विचारीत असे, “हा कुठे बसतो?” फाइलला हा प्रश्न विचारता येत नाही. त्याचे उत्तर पाठविणाऱ्यानेच सोबत लिहून द्यावयास हवे.