हिरवळीतील तण

शाळेपुढच्या हिरवळीतील तण तुम्ही ओढून काढता आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा हजर होते! असे का व्हावे? कारण प्रत्येक तणाची जगण्याची रीत वेगळी असते. ती कळली म्हणजे उपाय सुचतो.

आपली हिरवळ बहुधा हरळीची असते. तिच्यात चकचकीत, ताठ पाती दिसली, तर फुलोऱ्याचा दांडा बोटांत धरून फिरवून पाहा. तो तिधारी लागला, तर तो लव्हाळा. ओढल्यावर त्याची पाती तुटून हाती येतात, गाठी मात्र जमिनीतच राहतात. या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ तुटली की सुप्त गाठींनाही कोंब फुटतात! म्हणून खुरप्याने गाठींसकट खणावे आणि नवा कोंब दिसताच पुन्हा काढावा. पानेच वाढू दिली नाहीत, तर गाठींतील अन्नसाठा हळूहळू संपतो.

बदामाच्या आकाराची तीन-तीन पाने आणि पिवळी फुले असलेली आंबुटी तुम्ही चाखलीही असेल. तिची पिकलेली शेंग तडकते, बीवरचे ताणलेले आवरण एकदम उलटते आणि बी दूर फेकले जाते. म्हणून शेंगा धरण्यापूर्वीच, माती ओली असताना, ती मुळासकट उपटावी.

गाजरगवत पुण्यात १९५५ च्या सुमारास लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. एकेका झाडाला हजारो बिया येतात. त्याच्या स्पर्शाने काहींच्या अंगाला खाज सुटते. तेव्हा फुले येण्याआधीच, हातमोजे घालून ते उपटावे.

परंतु तणाला मुळात जागा का मिळते? हे कोडे प्रकाश उलगडतो. पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात. दृश्य तांबड्याच्या पलीकडचा अतिरक्त प्रकाश मात्र त्यांतून बराचसा खाली झिरपतो. असा प्रकाश मिळाला की अनेक बारीक बिया रुजत नाहीत; जणू त्यांना 'वर दाट पाने आहेत' अशी सूचनाच मिळते. गवत अगदी जमिनीलगत कापले, तर तांबडा प्रकाश मातीवर पोचतो आणि बिया जाग्या होतात. म्हणून हरळी तीन-चार सेंटिमीटर राखावी आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये.

पावसाळ्यात हे स्वतः पडताळून पाहा. हिरवळीचे एक-एक चौरस मीटरचे दोन तुकडे आखा. एक अगदी खुरटा कापा, दुसरा चार सेंटिमीटर राखा. महिन्याने दोन्हींतील तणांची नवी रोपे मोजा.

ज्या हिरवळीवर मुले लोळतात, तेथे विषारी तणनाशक हा पहिला उपाय असू नये. दाट हरळी हाच तिथला खरा राखणदार!